पाळण्यांचा हंगाम आणि पावसाचे पंचांग

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावी कायमस्वरूपी मनोरंजन उद्यान नाही. तिथल्या मुलाला आकाशपाळणा पाहायचा, तर तो दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर किंवा महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या यात्रेत. मुंबई-पुण्याच्या वाचकाला मनोरंजन उद्यान म्हटले की खोपोलीजवळचे 'इमॅजिका' अथवा एकेकाळचे गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड' आठवते. परंतु मराठवाड्यात उद्यान माणसाकडे येते. ते ट्रकांवर लादून येते, चार-दोन दिवसांत उभे राहते, दहा-पंधरा दिवस फिरते आणि एका रात्रीत मैदान मोकळे करून पुढच्या गावाची वाट धरते.

खोपोलीचे कोट्यवधींचे उद्यान काय आणि रामलीला मैदानावरचा पाळणा काय, दोघांच्याही मालकांपुढे प्रश्न एकच असतो. यंत्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मालकीचे असते. त्यातले किती दिवस ते फिरवता येईल? या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे पाहून दिले जाते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. पाऊस, वारा आणि ऊन हंगामाच्या कडा आखून देतात. त्या कडांच्या आत यंत्र नीट फिरेल की नाही, हे मात्र ते फिरविणारा माणूस मागच्या हंगामातून या हंगामात टिकून राहिला की नाही यावर ठरते. आणि तो टिकतो की सुटतो, याचा निकाल उद्यान बंद असते त्या महिन्यांत लागतो.

थंड देशांतील उद्यानांचे पंचांग सरळ असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी १८७० पासून चालत आलेले 'सीडर पॉइंट' मे महिन्यात उघडते, उन्हाळाभर रोज चालते आणि शरद ऋतूत फक्त शनिवार-रविवार उघडे राहून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास हिवाळ्यासाठी मिटते. तिथे उत्तम हवा आणि शाळा-महाविद्यालयांची सुट्टी एकाच वेळी येतात. त्यामुळे ग्राहकही सुट्टीवरचा विद्यार्थी आणि पाळण्याचा खटका दाबणाराही सुट्टीवरचाच विद्यार्थी. त्यांच्या राहण्यासाठी उद्यानाने वसतिगृहे बांधली आहेत. ऑगस्टच्या उत्तरार्धात महाविद्यालये सुरू झाली की हे हंगामी मनुष्यबळ ओसरते आणि हवा सुरेख असतानाही आठवड्याचे मधले दिवस उद्यान बंद ठेवावे लागतात. कोपनहेगनचे 'टिव्होली' तर १८४३ सालचे. त्यानेही वर्षाचे तुकडे पाडून उन्हाळा, शरदातला भुतांचा सण आणि नाताळ असे हंगाम बांधून घेतले आहेत.

आपल्याकडे हे गणित उलटे बसते. उत्तम हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर मोठी सुट्टी मे महिन्यात, म्हणजे पारा चाळिशीच्या वर असताना. पाऊस जून ते सप्टेंबर, आणि त्यातच गणपती. शेतकऱ्याच्या हाती पैसा सुगीनंतर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आगेमागे. हवा, सुट्टी आणि पैसा या तिन्हींचा मेळ आपल्या वर्षात फार थोडे दिवस बसतो. जत्रांचे वेळापत्रक शतकानुशतके त्या मेळाभोवतीच विणले गेले आहे. पाळणेवाल्याने ते आयते उचलले एवढेच.

मराठवाड्याची फेरी

हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा असून तिचा उगम खाकीबाबा मठाशी जोडला जातो. रामलीला, रावणदहन, प्रदर्शन आणि पाळणे असा त्याचा थाट. दसरा हा मराठवाड्यातील पाळण्यांच्या हंगामाचा दरवाजा होय. तिथून पुढे मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, मकरसंक्रांतीला सोलापूरच्या होम मैदानावरची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, फेब्रुवारीच्या पूर्वार्धात परभणीचा उरूस, महाशिवरात्रीला औंढा आणि लातूरचे सिद्धेश्वर, फाल्गुन वद्यात पैठणची नाथषष्ठी आणि त्यानंतर गावोगावच्या चैत्री जत्रा. एखादा पाळणा या साऱ्या ठिकाणी जातोच असे नाही. पण या साखळीतल्या पाच-सहा कड्या जोडल्याखेरीज त्याचा वर्षाचा खर्च निघत नाही. तंबूच्या तमाशाचाही हंगाम दसऱ्यालाच उघडतो आणि वैशाखात मिटतो. दोन्ही धंद्यांची वाट, मैदान आणि चिंता एकच.

या साखळीतील परभणीचा उरूस इंग्रजी तारखेने येतो आणि संक्रांत सूर्यावर चालते. बाकीचे सगळे चंद्राच्या हाती आहे. अधिक मासामुळे तिथी इंग्रजी दिनदर्शिकेवर मागे-पुढे सरकतात. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ साली तो २ ऑक्टोबरला आला. बावीस दिवसांचा हा फरक शहरात केवळ सुट्टीच्या यादीपुरता जाणवतो. हिंगोलीच्या मैदानावर मात्र तो दोन वेगवेगळे ऋतू घेऊन येतो. २ ऑक्टोबरला सूर्य हस्त नक्षत्रात असतो आणि हत्तीचा पाऊस म्हणजे काय हे सेनगावच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. २४ ऑक्टोबरला स्वाती लागते. परतीचा पाऊस तोवर बहुधा गेलेला असतो. मराठवाड्यातून मोसमी वारे माघारी फिरण्याचा सर्वसाधारण काळ ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. म्हणजे लवकर आलेला दसरा पावसाच्या आत सापडतो आणि उशिरा आलेला सुटतो.

२०२५ चा दसरा तर सप्टेंबरातील अतिवृष्टीच्या पाठोपाठ आला. मराठवाड्यातील शेतेच्या शेते त्या पावसाने पाण्याखाली गेली, काढणीला आलेले सोयाबीन शेंगेतच उगवले. अशा वर्षी मैदान कोरडे असले तरी पाळण्यात बसायला खिसा कोरडा राहतो. हवामानाचा फटका पाळणेवाल्याला दोनदा बसतो, तो असा: एकदा मैदानावर थेट आणि एकदा शेतातून आडवळणाने.

काळी माती

पाऊस पाळणा थांबवतो म्हणजे नेमके काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. पाऊस पडत असताना कोणी पाळण्यात बसत नाही ही तर उघड गोष्ट. खरा उपद्रव पाऊस थांबल्यानंतरचा आहे आणि तो जमिनीच्या पोटात असतो. मराठवाड्याची काळी कसदार माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. कपाशीला ती वरदान, परंतु कित्येक टनांचा लोखंडी सांगाडा चार-सहा पायांवर तोलून धरायला तिच्याइतकी बेभरवशाची जमीन नाही. फिरता पाळणा काँक्रीटच्या पायावर उभा नसतो. लाकडी ओंडके किंवा रेल्वेचे जुने स्लीपर अंथरून त्यांवर त्याचे पाय टेकवतात आणि पाणसळ लावून सांगाडा समपातळीत आणतात. रात्री दोन तास पाऊस झाला की एका बाजूची माती मऊ होते, तो पाय बोटभर खचतो आणि वरच्या टोकाला त्या बोटभराचे हातभर होते. आस किंचित कलला तरी भार बेअरिंगच्या एका कडेवर येऊ लागतो. प्रेक्षकाला यातले काहीही दिसत नाही. पाळणा फिरतच असतो.

म्हणून अनुभवी माणूस पावसानंतर आधी पायांखालचे ओंडके पाहतो, पाणसळ पुन्हा लावतो, पाचरी ठोकतो, जनित्राची वायर पाण्यातून गेलेली नाही ना आणि अर्थिंग जागेवर आहे ना हे तपासतो, रिकामा पाळणा काही फेऱ्या फिरवून त्याचा आवाज ऐकतो आणि मगच तिकीट खिडकी उघडू देतो. शेतात वाफसा आल्याशिवाय तिफण घालायची नाही हा कुणब्याचा नियम. मैदानालाही वाफसा लागतो, पण तो किती वेळात येतो हे कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते. ते त्या माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस या वर्षी आला नसेल, तर ते ज्ञानही मैदानावर आलेले नसते.

वाऱ्याचे गणित त्यामानाने आकड्यांत मांडता येते. फिरत्या करमणुकीच्या यंत्रांसाठीच्या युरोपीय मानकांत यंत्र चालू असताना गृहीत धरलेला वाऱ्याचा कमाल वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर आहे. त्यापुढे यंत्र थांबवून माणसे उतरवायची. मोठ्या उद्यानांत उंच यंत्रांवर वायुवेगमापक बसवलेला असतो. जत्रेत झेंड्याचे फडफडणे हाच मापक. चैत्र-वैशाखात दुपारनंतर पश्चिमेकडे काळे ढग जमून वळीव कोसळतो, तेव्हा पहिला सोसाटा आणि पहिला थेंब यांत मोजकीच मिनिटे असतात. बारा डब्यांचा आकाशपाळणा रिकामा करायचा तर प्रत्येक डबा खाली आणून थांबवावा लागतो; शिवाय एकाच बाजूचे डबे आधी रिकामे करून चालत नाही, चाकाचा तोल जातो म्हणून समोरासमोरच्या डब्यांतली माणसे आळीपाळीने उतरवावी लागतात. हे काम घाईचे असते आणि घाईत बिघडणारे असते. विजेचा धोका तर निराळाच. गडगडाट विजेनंतर तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर उघड्यावरचे काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे ते सुरू करू नये, असा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. ऐन गर्दीच्या वेळी अर्धा तास पाळणा उभा ठेवण्यासाठी खटक्याजवळच्या माणसाकडे अधिकार लागतो आणि मालकाने रागावू नये इतकी नोकरीची शाश्वती लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'दामिनी' या ॲपवर आता विजेची सूचना मोबाइलवर मिळते, ही सोय मोठीच आहे. शाश्वती देणारे ॲप मात्र अजून निघायचे आहे.

अवकाळीचा भरवसा तर मुळीच नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट ऐन यात्रांच्या दिवसांतली होती.

उन्हाळ्यात कामाचे तास आकसतात. मे महिन्यात हिंगोलीत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. पत्र्याची आसने आणि लोखंडी दांडे संध्याकाळी सहापर्यंत हात लावू देत नाहीत. दुसऱ्या बाजूने ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री दहाला भोंगे बंद होतात आणि भोंगा बंद झाला की जत्रा निम्मी विझते. मध्ये उरतात चार तास. दसऱ्याच्या दिवसांत अंधार सहानंतर लगेच पडतो, रोषणाई खुलते आणि दुपारी चारपासून गिऱ्हाईक सुरू होते. सुट्टीचा महिना असूनही जत्रेचा पाळणेवाला मे महिन्याला फारसे मोजत नाही, त्याचे कारण हे आहे.

सोयाबीन आणि स्पॅनर

आता माणसांकडे वळू. एका मध्यम फिरत्या मनोरंजन नगरीत माणसांचे तीन थर असतात. पहिला थर कारागिरांचा: सांगाडा उभारणारे, जोडारी, वीजतंत्री, मौत के कुएँमधले मोटारसायकलस्वार. यांतले बरेच जण उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून येतात आणि वर्षानुवर्षे एकाच मालकाबरोबर फिरतात. दुसरा थर पाळणा चालविणाऱ्यांचा आणि तिकिटे फाडणाऱ्यांचा. तिसरा थर त्या-त्या गावी रोजंदारीवर घेतलेल्या मजुरांचा. ट्रक रिकामे करणे, खड्डे खणणे, कुंपण घालणे, आत शिरणाऱ्या गर्दीला दोरी धरून थोपवणे ही त्यांची कामे.

तिसऱ्या थराची अडचण अशी की तो नेमका दसऱ्याला मिळत नाही. हिंगोली जिल्ह्याचे मुख्य पीक सोयाबीन. जूनअखेरीस पेरलेले हे पीक सप्टेंबरच्या शेवटापासून काढणीला येते, पाऊस डोक्यावर असतो, म्हणून ज्याला त्याला ते आजच कापायचे असते. मजुरीचा दर वर्षातला सर्वांत चढा असतो तो याच पंधरवड्यात. पाठोपाठ ऊसतोडीच्या टोळ्या बांधल्या जातात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि चैत्र-वैशाखापर्यंत परतत नाहीत. जानेवारीनंतर वसमत-कळमनुरी भागात हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू होते, हरभराही काढायला येतो. मजूर मोकळा होतो तो एप्रिल-मे महिन्यांत आणि तेव्हा ऊन कामाचे नसते. पाळण्याचा हंगाम आणि शेतीचा हंगाम एकमेकांच्या माणसांवर असे डोळे लावून असतात. शेती अर्थातच जिंकते, कारण ती गावची आहे आणि पाळणा पाहुणा. पाळणेवाल्याला मग मिळतात ती शाळा सुटलेली पोरे आणि कापणीला न झेपणारी वयस्क माणसे. दोरी धरण्याच्या कामाला ती पुरतात. परंतु मनुष्यबळ तोकडे पडले की दोरी धरणारा हळूहळू खटक्यापर्यंत सरकतो. धोका सुरू होतो तो या ठिकाणी.

दुसऱ्या थराचा प्रश्न पावसाळ्याचा. वैशाखात शेवटची जत्रा झाली की लोखंड कोठेतरी ताडपत्रीखाली रचले जाते. जून ते ऑगस्ट उत्पन्न शून्य. वास्तविक यंत्राच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम याच तीन महिन्यांत व्हायचे असते: वेल्ड खरवडून तडे शोधणे, गंज काढून रंग देणे, बेअरिंग उघडून जुने ग्रीस धुऊन नवे भरणे, झिजलेल्या पिना आणि नटबोल्ट बदलणे. ज्या हातांनी वर्षभर ते यंत्र चालवले त्यांनाच त्याची खोड ठाऊक असते. कोणता डबा कुरकुरतो, कोणती साखळी सैल पडते हे कागदावर नसते. पण त्या हातांना तीन महिने बसून पगार देणे लहान मालकाला परवडत नाही. तो त्यांना सोडतो. त्यांपैकी काही गावी जाऊन शेतात लागतात आणि गणपतीला परत येतात. काही सुरत-भिवंडीच्या कारखान्यांत रमतात आणि येत नाहीत. मालक पुढच्या हंगामासाठी उचल देऊन त्यांना बांधू पाहतो, तमाशाच्या फडात असते तशीच. उचल माणसाला परत आणते हे खरे. परंतु कर्जाने आणलेला माणूस 'आज वारा जास्त आहे, पाळणा लावू नका' असे म्हणण्याच्या स्थितीत कितपत असतो, याचाही विचार व्हायला हवा.

भिंतींच्या आतली उद्याने

कायमस्वरूपी उद्यानांना पायाची काळजी नसते, हवामान मात्र त्यांनाही चुकत नाही. या धंद्यातील नोंदणीकृत कंपन्यांचे ताळेबंद चाळले तर एप्रिल ते जून ही तिमाही बहुधा वर्षातली सर्वांत जड आणि जुलै ते सप्टेंबर ही सर्वांत हलकी असल्याचे दिसते. २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोलीजवळ 'इमॅजिका' सुरू झाले ते ठिकाण घाटाच्या पायथ्याचे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. छपराखालची दालने, अंधारातल्या सफरी, २०१६ साली जोडलेले कृत्रिम बर्फाचे दालन यांमागे हौसेइतकाच त्या पावसाचा हिशेब आहे. छत असेल तर ऑगस्टातला शनिवार वाचतो. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. शिर्डी आणि लोणावळ्याची 'वेट अँड जॉय' जलउद्याने याच समूहाची. शिर्डीला तर मोठी सुट्टी नसतानाही भाविकांचा ओघ असतो. देवस्थानाच्या दारात उद्यान काढणे म्हणजे जत्रेचे जुने शहाणपणच नव्या भांडवलाने वापरणे होय.

गोराईच्या 'एस्सेलवर्ल्ड'ला १९८९ पासून आणखी एक अडसर होता तो खाडीचा. बहुतेक प्रेक्षक होडीने येत आणि पावसाळ्यात होडी समुद्राच्या मर्जीने चाले. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले.

मे महिन्यावर एवढी भिस्त असली की तो महिना बुडाला तर वर्ष बुडते. २०२० आणि २०२१ चे उन्हाळे कोरोनाच्या टाळेबंदीने नेले. २०२५ साली वेगळेच घडले. मुंबईत मोसमी पावसाचा नेहमीचा मुहूर्त ११ जून; त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्याआधीचे कित्येक दिवसही वळवाचेच होते. शाळांची सुट्टी शिल्लक आणि आकाश भरलेले, असा तो पंधरवडा गेला. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून नागपूरकडच्या जलउद्यानांना पुणे-मुंबईपेक्षा दोन आठवडे अधिक मिळतात. पाऊस लवकर आला तर तेही जातात.

जलउद्यान ही उन्हाळ्यावर काढलेली तोड खरी. उन्हाला गिऱ्हाईकच करून टाकायचे. पण मराठवाड्यापुरते पाहायचे तर जलउद्यानाचा हंगाम आणि पाणीटंचाईचा हंगाम एकच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितले. उद्यानाचे पाणी गाळून पुन्हा वापरले जाते आणि एका शेताच्या मानाने ते थोडेच लागते, हा युक्तिवाद चुकीचा नाही. तरीही ज्या तालुक्यात टँकर फिरतो आहे तिथे तो कोणाला सांगायचा?

कायम उद्यानांत माणसांचा प्रश्न आकड्यांचा होतो. मे महिन्यातील रविवारला लागणारी माणसे ऑगस्टातल्या मंगळवारी ठेवून चालत नाही. म्हणून थोडा कायम वर्ग आणि त्याभोवती ठेकेदाराकडून घेतलेला हंगामी वर्ग अशी रचना असते. देखभालीचे कारागीर सहसा कायम, तिकीट, स्वच्छता, उपाहारगृह हंगामी. अडचणीचे असतात ते मधले: यंत्र चालक आणि जलरक्षक. त्यांना प्रशिक्षण द्यावे लागते, त्यात हंगामाचे पहिले दिवस जातात आणि ते तरबेज होतात तोवर पाऊस येतो. पुढल्या मार्चमध्ये नवे चेहरे, नवा श्रीगणेशा.

कायद्याचे दिवस

हंगामी कामगार कोणाला म्हणावे याचे मोजमाप कायद्याने दिवसांत केले आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार एरवीचे काम मागील बारा महिन्यांत १२० दिवसांहून अधिक चालले तर ते अधूनमधूनचे मानले जात नसे. हंगामी स्वरूपाच्या कामाला ही मर्यादा ६० दिवसांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांत सामावला गेला. हंगामी आस्थापनेतील कामगाराला उपदान मिळते ते प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाइतके, कायम कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांचे. अमेरिकेत तर वर्षात सात महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या करमणूक केंद्रांना संघराज्याच्या किमान वेतन आणि अतिरिक्त कामाच्या मोबदल्याच्या तरतुदींतून सूट आहे. हवामानाने आखलेला हंगाम अशा रीतीने वेतनाच्या कायद्यातही उतरतो. गावोगाव फिरणाऱ्या आणि हजेरीपटाशिवाय राबणाऱ्या पाळणेवाल्यापर्यंत यातले काय पोचत असेल, ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

यंत्रांसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. करमणुकीच्या कार्यक्रमांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली परवाना लागतो. मैदान नगरपालिकेचे, ध्वनिक्षेपक पोलिसांचे, वीज महावितरणची, यंत्राच्या सुस्थितीचा दाखला अभियंत्याचा. हा दाखला पाळणा उभारल्यावर, जत्रा सुरू होण्यापूर्वी घेतला जातो. तो त्या दिवसाच्या जमिनीचा आणि त्या दिवसाच्या नटबोल्टांचा असतो. पाचव्या रात्री पाऊस पडला तर सहाव्या दुपारी अभियंता पुन्हा येत नाही. तिथून पुढे सारे खटक्याजवळच्या माणसावर.

अपघातांच्या नोंदी याच दिशेने बोट दाखवितात. मे २०१६ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, चेन्नईजवळच्या 'किष्किंता' उद्यानात नव्या यंत्राची चाचणी घेताना ते कोसळले आणि त्यावर बसलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोके घेणारे यंत्र मोडून पडले; दोघे दगावले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीच्या दसरा मैदानावरील मेळ्यात उंचावरून खाली येणारा पाळणा सुमारे पन्नास फुटांवरून आदळला. अहमदाबादचे यंत्र कायम उद्यानातले, मोहालीचे फिरत्या मेळ्यातले. दोन्ही घटना पावसाळी महिन्यांतल्या आणि दोन्ही रविवारच्या. एवढ्यावरून सिद्धान्त काढणे घाईचे ठरेल. पण पावसाळ्यातला उघडीप मिळालेला रविवार म्हणजे आठवड्याची बुडालेली कमाई भरून काढण्याचा दिवस, हे कोणताही पाळणेवाला सांगेल. यंत्राला त्या दिवशी विश्रांती नसते आणि ते पाहणाऱ्याला उसंत नसते.

यावर काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. मैदान भाड्याने देणारी नगरपालिका दहा दिवसांच्या भाड्यात पावसाच्या दिवसाची सूट ठेवू शकते, म्हणजे ओल्या जमिनीवर पाळणा फिरविण्याची ओढ कमी होईल. दाखला एकदाच घेण्याऐवजी पावसानंतर पुन्हा घेण्याची अट परवान्यात घालता येते. तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जून ते ऑगस्ट या रिकाम्या महिन्यांत पाळण्यांच्या दुरुस्तीचे काम त्यांच्या कार्यशाळांत आणले, तर विद्यार्थ्यांना वेल्ड तपासायला खरे लोखंड मिळेल आणि कारागिराला तीन महिन्यांची रोजी. मैदानाचा एक कोपरा मुरूम टाकून, दाबून कायमचा पक्का करणे ही तर फार खर्चाची बाब नाही. वर्षातले उरलेले महिने तिथे बाजार भरेल.

२०२६ सालच्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या वर्षीचा दसरा २० ऑक्टोबरला पडतो. चित्रा नक्षत्र तेव्हा संपत आलेले असते, सोयाबीनची बहुतेक मळणी उरकलेली असते आणि परतीचा पाऊस वेळेवर गेला तर रामलीला मैदानाची माती टणक झालेली असते. ऊसतोडीच्या टोळ्याही अशा वर्षी बहुधा दसरा पाहून निघतात. त्यामुळे दोरी धरायला गावचा धडधाकट माणूस मिळण्याची शक्यता वाढते. २०२७ साली दसरा पुन्हा ९ ऑक्टोबरवर, हस्ताच्या शेवटच्या चरणात येतो.